बदली आणि घरविक्रीचा खर्च : अमेरिकेच्या संघीय शासनातील एक तरतूद

शासकीय सेवा आणि बदली यांची सांगड नवी नाही. बदलीचा आदेश हाती पडला, की मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, सामानाची बांधाबांध, नव्या गावी जागेचा शोध आणि सरतेशेवटी प्रवासभत्त्याचे देयक हा क्रम आपल्याकडील कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. या देयकात कर्मचाऱ्याचा व कुटुंबीयांचा प्रवास येतो, सामानाची वाहतूक येते, बदली अनुदान येते. राहते घर विकण्यासाठी झालेला खर्च मात्र त्यात कोठेही येत नाही, आणि तो यावा असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. याचे कारण उघड आहे. आपला कर्मचारी बदलीच्या गावी शासकीय निवासस्थानात किंवा भाड्याच्या जागेत राहतो. स्वतःचे घर असलेच तर ते मूळ गावी असते किंवा निवृत्तीनंतर स्थायिक होण्याच्या हेतूने कोठेतरी बांधलेले असते. बदली झाली म्हणून ते विकण्याची पाळी येत नाही.

अमेरिकेच्या संघीय शासनातील मुलकी कर्मचाऱ्याची स्थिती याहून फार वेगळी आहे. तेथे ठरावीक वर्षांनी बदली होईलच असे नाही. परंतु जेव्हा ती होते तेव्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, कित्येकदा हजार-दीड हजार मैलांवर जावे लागते. शासकीय निवासस्थानांची सोय सर्वसाधारण खात्यांत जवळजवळ नाही. कर्मचारी ज्या गावी काम करतो तेथेच पंचवीस-तीस वर्षांच्या मुदतीच्या गहाणकर्जावर घर घेतो. बदली झाली की जुन्या घराचा हप्ता चालू ठेवून नव्या गावी दुसरे घर घेणे बहुतेकांना झेपत नाही. जुने घर विकून आलेल्या रकमेतूनच नव्या घराची पहिली रक्कम भरावयाची असते. म्हणून बदलीचा आदेश हा तेथे बहुधा घर विकण्याचाही आदेश ठरतो. या विक्रीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न त्यामुळेच तेथील शासनापुढे आला.

१९६६ चा कायदा

१९४६ च्या प्रशासकीय खर्चविषयक कायद्याने बदली झालेल्या संघीय कर्मचाऱ्याला प्रवासखर्च आणि सामानाच्या वाहतुकीचा खर्च मिळू लागला होता. घराच्या व्यवहाराचा भार मात्र त्याच्यावरच होता. मोठ्या खाजगी कंपन्या आपल्या बदली झालेल्या अधिकाऱ्यांना हा खर्च देत असत. शासनाच्या कामासाठी जाणाऱ्याने तो स्वतःच्या खिशातून का करावा, असा प्रश्न विचारला जात होता. २१ जुलै १९६६ रोजी मंजूर झालेल्या सुधारणेने हा भेद दूर केला. जुन्या मुख्यालयी असलेले राहते घर विकण्याचा, नव्या मुख्यालयी घर खरेदी करण्याचा, तसेच कर्मचारी भाडेकरू असल्यास भाडेकरार मुदतीपूर्वी मोडल्यामुळे होणारा खर्च, यांची प्रतिपूर्ती करण्याचा अधिकार शासनाला मिळाला.

नियम करण्याचे काम आरंभी अर्थसंकल्प कार्यालयाकडे होते. १९७१ पासून ते सर्वसाधारण सेवा प्रशासन या यंत्रणेकडे आले, आणि आजही संघीय प्रवास विनियमांच्या स्वरूपात तीच ते प्रसृत करते. खर्चाच्या मर्यादा काळानुरूप बदलत गेल्या. १९८३ मध्ये विक्रीसाठी किमतीच्या दहा टक्के किंवा १५,००० डॉलर, आणि खरेदीसाठी पाच टक्के किंवा ७,५०० डॉलर, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, अशी मर्यादा कायद्यातच घातली गेली व डॉलरचा आकडा दरवर्षी महागाईनुसार वाढवण्याची सोय केली गेली. १९९६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या प्रवास व स्थलांतरविषयक कायद्याची मोठी फेररचना झाली. आज नियमांत केवळ टक्केवारी उरली आहे : विक्रीसाठी प्रत्यक्ष विक्री किमतीच्या दहा टक्के, खरेदीसाठी पाच टक्के.

खर्च कोणता मिळतो, कोणता नाही

अमेरिकेत घर विकणे ही खर्चाची बाब आहे. विक्री सामान्यतः परवानाधारक दलालामार्फत होते. गेली अनेक दशके दलालीची एकूण रक्कम किमतीच्या पाच ते सहा टक्क्यांच्या आसपास राहिली आणि ती प्रथेनुसार विक्रेत्यानेच भरावयाची असे. विक्रेत्याने भरलेल्या या रकमेतून खरेदीदाराच्या दलालाचाही वाटा निघे. दलालांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्धच्या दाव्यांत २०२४ मध्ये तडजोड झाली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून या प्रथेत बदल होऊ लागला. तरी दलाली हाच विक्रीतील सर्वांत मोठा खर्च असतो. त्याशिवाय मालकीहक्काचा शोध, वकिलाची फी, दस्तऐवज तयार करणे, त्यांची नोंदणी, काही राज्यांत लागणारा हस्तांतरण कर, आणि कर्ज मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकेने आकारलेला दंड, अशा बाबी असतात. हे सर्व खर्च अनुज्ञेय आहेत. मात्र दोन अटी आहेत. खर्च प्रत्यक्ष झालेला असावा, आणि त्या भागात तो विक्रेत्याने करण्याची प्रथा असावी व रक्कम तेथील रूढ दराहून अधिक नसावी.

ही 'स्थानिक प्रथे'ची अट वरवर साधी वाटते. व्यवहारात बहुतेक वाद तिच्याभोवतीच उभे राहतात. एक उदाहरण कल्पून पाहू. एका कर्मचाऱ्याने ३,००,००० डॉलरला घर विकले. दलाली साडेपाच टक्के, म्हणजे १६,५०० डॉलर. वकील, मालकीहक्काचा शोध, नोंदणी आणि कर मिळून ३,५०० डॉलर. एकूण २०,००० डॉलर. दहा टक्क्यांची मर्यादा ३०,००० डॉलर असल्यामुळे ही सर्व रक्कम मिळू शकते. परंतु गिऱ्हाईक मिळेना म्हणून त्याने खरेदीदाराच्या कर्जाशी संबंधित ६,००० डॉलर स्वतः भरण्याचे कबूल केले असेल, तर मर्यादेत जागा असूनही ते मिळतीलच असे नाही. त्या गावात विक्रेते असा खर्च नेहमी भरतात, हे कर्मचाऱ्याला सिद्ध करावे लागते. बाजार मंदीत असताना एखाद्याने नाइलाजाने दिलेली सवलत म्हणजे प्रथा नव्हे, अशी निर्णय देणाऱ्यांची भूमिका राहिली आहे.

घर विकण्यापूर्वी त्याने छप्पर दुरुस्त केले, रंग दिला. तो खर्च देखभालीचा म्हणून वगळला जातो. मालमत्ता कर, कर्जावरील व्याज, विम्याचे हप्ते यांचीही हीच गत. न्यायालयीन दाव्याचा खर्चही अनुज्ञेय नाही.

खरी बोच याहून निराळी आहे. समजा, या कर्मचाऱ्याने तेच घर काही वर्षांपूर्वी ३,४०,००० डॉलरला घेतले होते. बदली झाली नसती तर तो तेथेच राहिला असता आणि किंमत वाढण्याची वाट पाहिली असती. आदेशामुळे त्याला पडत्या बाजारात विकावे लागले आणि ४०,००० डॉलर बुडाले. या तोट्याची भरपाई होत नाही. बाजारभावामुळे किंवा अन्य कारणाने विक्रीत आलेला तोटा अनुज्ञेय नाही, असे नियमातच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे वीस हजारांचा खर्च शासन देते, आणि त्याच्या दुप्पट तोटा कर्मचारी सोसतो. यामागील शासनाची भूमिका समजण्यासारखी आहे. भाव चढले तर होणारा नफा कर्मचाऱ्याचाच असतो, तो कोणी शासनाकडे भरत नाही. मग तोट्याचा वाटेकरी शासनाने का व्हावे? युक्तिवाद बिनतोड आहे, परंतु विक्रीची वेळ कर्मचाऱ्याने निवडलेली नसते, हेही तितकेच खरे आहे.

अमेरिकन काँग्रेसने हा मुद्दा एका ठिकाणी मात्र मान्य केला. १९६६ मध्येच दुसऱ्या एका कायद्याने संरक्षण खात्यासाठी घरमालक साहाय्य योजना सुरू झाली. लष्करी तळ बंद होतो तेव्हा त्या गावातील शेकडो घरे एकाच वेळी विक्रीस निघतात आणि भाव कोसळतात. ही घसरण शासनाच्या निर्णयामुळेच झालेली असते. अशा प्रसंगी सैनिकांना व तळावरील मुलकी कर्मचाऱ्यांना तोट्याची काही भरपाई देण्याची तरतूद या योजनेत आहे. २००८ च्या सुमारास देशभर घरांचे भाव कोसळले, तेव्हा २००९ च्या आर्थिक पुनरुज्जीवन कायद्याने तिची व्याप्ती काही काळापुरती वाढवली आणि तीसाठी ५५ कोटी ५० लाख डॉलर दिले. कर्तव्यावर जखमी झालेले आणि बदलीच्या आदेशावर निघालेले सैनिकही तीत आले. सामान्य खात्यांतील मुलकी कर्मचाऱ्याच्या वाट्याला असे काही आले नाही.

पात्रतेच्या अटी

पहिली अट आपल्या वाचकांना परिचित वाटेल. बदली शासनाच्या हितासाठी झालेली असावी. कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी किंवा प्रामुख्याने त्याच्या विनंतीवरून झालेली बदली प्रतिपूर्तीस पात्र नसते. विनंतीबदलीला प्रवासभत्ता नाही, हे तत्त्व आपल्याकडेही आहेच. नव्याने नेमणूक झालेल्यालाही घराच्या व्यवहाराचा खर्च मिळत नाही. तो पूर्वीपासून सेवेत असून बदली झालेल्यांसाठीच आहे.

नवे मुख्यालय कर्मचाऱ्याच्या घरापासून जुन्या मुख्यालयापेक्षा किमान पन्नास मैलांनी अधिक दूर असले पाहिजे. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कार्यालय हलले, एवढ्याने हक्क निर्माण होत नाही. विकलेले घर असे हवे की बदलीची अधिकृत सूचना मिळाली त्या वेळी कर्मचारी तेथूनच नियमितपणे कामावर ये-जा करीत होता. सुट्टीत राहण्याचे, भाड्याने दिलेले किंवा आईवडिलांसाठी घेतलेले घर चालत नाही. घर कर्मचाऱ्याच्या किंवा त्याच्या निकटच्या कुटुंबीयांच्या नावे असावे; बाहेरचा भागीदार असल्यास कर्मचाऱ्याच्या हिश्शापुरताच खर्च मिळतो.

त्याने लेखी सेवाकरार करून द्यावयाचा असतो. देशांतर्गत बदलीनंतर किमान बारा महिने शासकीय सेवेत राहीन, अशी हमी त्यात असते. स्वेच्छेने आधीच सेवा सोडल्यास मिळालेली रक्कम शासनाचे येणे म्हणून वसूल होते. विक्रीचा व्यवहार नव्या जागी रुजू झाल्यापासून एक वर्षाच्या आत पूर्ण व्हावा लागतो. सबळ कारण असल्यास खाते आणखी एक वर्षापर्यंत मुदत वाढवू शकते.

या अटींची खरी कसोटी लागते ती वादाच्या प्रसंगी. असे दावे पूर्वी महालेखानियंत्रकाकडे जात. १९९६ नंतर ते सर्वसाधारण सेवा प्रशासनाच्या अपील मंडळाकडे आले आणि २००७ पासून मुलकी कंत्राट अपील मंडळ त्यांचा निर्णय करते. दोन प्रकारचे प्रसंग तेथे पुनःपुन्हा येतात. पहिला, आदेश हाती पडण्यापूर्वीच घर विकणाऱ्याचा. कार्यालय हलणार अशी कुणकुण लागते, चांगले गिऱ्हाईक दाराशी येते, कर्मचारी व्यवहार उरकून टाकतो. आदेश मागाहून निघतो. अशा वेळी पाहिले जाते ते हे, की विक्रीच्या वेळी बदली करण्याचा शासनाचा स्पष्ट हेतू कर्मचाऱ्याला कळवण्यात आला होता काय. कळवला असेल तर औपचारिक आदेश नंतर निघूनही दावा टिकतो. केवळ शक्यता, चर्चा किंवा सहकाऱ्यांचे अंदाज पुरेसे ठरत नाहीत.

दुसरा प्रसंग अधिक क्लेशदायक आहे. कर्मचारी आपल्या कार्यालयातील संबंधित अधिकाऱ्यास विचारतो, तो अधिकारी सद्‌भावनेने पण चुकीने सांगतो की हा खर्च मिळेल, क्वचित तसे लेखीही देतो. कर्मचारी त्यावर विसंबून खर्च करतो. पुढे लेखापरीक्षणात दावा नामंजूर होतो. येथे कर्मचाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नसते. तरीही पैसे मिळत नाहीत. कायद्याने न दिलेली रक्कम अधिकाऱ्याच्या चुकीच्या सल्ल्यामुळे शासकीय तिजोरीतून देता येत नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये एका निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे मांडले आहे. सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो कामाच्या ओघात उच्चारलेला एक शब्द असतो, आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने कित्येक महिन्यांचे वेतन. नियमपुस्तक उघडून पाहिल्याखेरीज 'मिळेल' असे सांगू नये, ही खबरदारी कोणत्याही देशातील आस्थापना शाखेने घ्यावी अशीच आहे.

विक्रीचा दुसरा मार्ग

कर्मचाऱ्याने स्वतः घर विकून देयक सादर करणे हा एक मार्ग झाला. काही खाती दुसराही मार्ग उपलब्ध करून देतात. शासनाने करारबद्ध केलेली स्थलांतर सेवा कंपनी घराचे स्वतंत्र मूल्यांकन करवून घेते आणि त्या आधारे कर्मचाऱ्याला खरेदीची हमी देते. कर्मचाऱ्याला ठरलेली रक्कम मिळते व तो नव्या गावी निघून जातो. घर पुढे विकण्याची जबाबदारी कंपनीची. तिचे शुल्क खाते भरते. हा मार्ग घेतल्यास त्याच खर्चासाठी पुन्हा प्रतिपूर्ती मागता येत नाही.

यात शासनाला भुर्दंड मोठा पडतो, कारण रिकामे घर महिनोन्‌महिने पडून राहण्याचा धोका कंपनी आपल्या शुल्कात धरते. म्हणून यात एक युक्ती योजलेली आहे. कर्मचाऱ्याने स्वतः खटपट करून गिऱ्हाईक आणले आणि व्यवहार कंपनीमार्फत पूर्ण केला, तर शुल्क कमी लागते. या बचतीतून कर्मचाऱ्याला प्रोत्साहनपर रक्कम देता येते. ती विक्री किमतीच्या पाच टक्क्यांहून किंवा झालेल्या बचतीहून अधिक असू शकत नाही. ज्यांना घर विकावयाचेच नाही, त्यांच्या घराची देखरेख व भाडेवसुली करून देणाऱ्या सेवेचा खर्चही खाते देऊ शकते. पुढेमागे जुन्या गावी परतण्याचा विचार असणाऱ्यांना ही सोय उपयोगी पडते.

प्रतिपूर्तीवर कर

या तरतुदीतील सर्वांत गुंतागुंतीचा भाग प्राप्तिकराचा आहे. घरविक्रीच्या खर्चाची प्रतिपूर्ती हे कायद्याच्या दृष्टीने उत्पन्न धरले जाते. वीस हजार डॉलर हाती आले तरी ते वेतनात मिळवून त्यावर कर बसतो. खर्च भरून निघावा म्हणून दिलेल्या रकमेतून कर कापला गेला, तर खर्च पूर्ण भरून निघत नाही. म्हणून हा कर भरून देणारा स्वतंत्र भत्ता दिला जातो. पण तो भत्ताही उत्पन्नच. त्यावर पुन्हा कर. शेवटी कराच्या रकमेवरील कराचाही हिशेब करून भत्ता ठरवावा लागतो. त्याचा काही भाग देयकाबरोबर आणि उरलेला पुढील वर्षी विवरणपत्र भरल्यानंतर मिळतो. २०१७ च्या करसुधारणेनंतर सामानाच्या वाहतुकीचा खर्चही करपात्र ठरला, त्यामुळे हा हिशेब आता पूर्वीपेक्षा अधिक कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येतो.

आपल्या व्यवस्थेशी तुलना

भारतात केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्याला बदलीच्या वेळी एकत्रित बदली अनुदान मिळते. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये ते सर्वसाधारणपणे मूळ वेतनाच्या ऐंशी टक्के ठरवण्यात आले. त्यासाठी खर्चाच्या पावत्या जोडाव्या लागत नाहीत. महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम आहे. त्यानुसार पदावधी सामान्यतः तीन वर्षांचा, आणि बदल्या सामान्यतः वर्षातून एकदाच एप्रिल-मे महिन्यांत होतात. ठरावीक अवधीने बदली होणार हे येथे गृहीत असल्यामुळे कर्मचारी बदलीच्या गावी घर घेण्याच्या फंदात पडत नाही. अमेरिकेत बदली गृहीत नसते, म्हणूनच ती महाग पडते. या दोन व्यवस्थांची तुलना करताना तेथील भरपाई येथे का नाही, असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. मात्र शहरांत गृहकर्जावर सदनिका घेणाऱ्या नोकरदारांचा वर्ग आपल्याकडेही वाढला आहे, याची नोंद घ्यावयास हरकत नाही.

एवढ्या सवलती असूनही अमेरिकन कर्मचारी बदली स्वीकारतोच असे नाही. २०१९ मध्ये कृषी खात्याच्या दोन संशोधनविषयक संस्था वॉशिंग्टनहून कॅन्सस सिटी येथे हलवण्यात आल्या, तेव्हा बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी जाण्यास नकार दिला. त्याच वर्षी सार्वजनिक जमिनींची व्यवस्था पाहणाऱ्या भूव्यवस्थापन विभागाचे मुख्यालय कोलोराडो राज्यातील ग्रँड जंक्शन या गावी नेण्याचे ठरले. वॉशिंग्टनमधील ३२८ पदे पश्चिमेकडील राज्यांत हलवावयाची होती. त्यांपैकी २८७ कर्मचाऱ्यांनी निवृत्ती घेतली किंवा अन्य काम शोधले. ४१ जणांनी बदली स्वीकारली. वॉशिंग्टनच्या आसपासची घरे चढ्या भावाने विकली गेली असती आणि विक्रीचा खर्चही शासनाने दिला असता. पण जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा आणि वृद्ध आईवडील यांचा खर्च कोणत्याही देयकात मांडता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये या विभागाचे मुख्यालय पुन्हा वॉशिंग्टनला आणण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि ग्रँड जंक्शन येथील कार्यालय पश्चिम विभागाचे केंद्र म्हणून ठेवण्यात आले.